दुसऱ्या सामन्याचं तिकीट

त्र्यंबक गोगट्यांनी आयुष्यात मोठी म्हणावी अशी थाप एकच मारली, आणि ती पस्तीस वर्षं सुखाने नांदली. तिला कुणी पुरावा मागितला नाही. उलट सगळ्या गावाने ती डोक्यावर घेतली. एवढी वर्षं टिकलेल्या थापेला माणूस मग आठवण म्हणू लागतो. २००६च्या नोव्हेंबरात मात्र ती अंगाशी येण्याची चिन्हं दिसू लागली, आणि ती वेळ आणली त्यांच्या पोटच्या मुलीने, तीही अगदी प्रेमाने.

थाप फुटबॉलची होती. अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे चेंडू काखोटीला मारून पळायचा खेळ. त्यात पायाचा संबंध मोजून चार वेळा येतो, पण त्यावर अमेरिकनांशी वाद घालून काही उपयोग नाही. समोरच्या अकरा धटिंगणांतून चेंडू घेऊन वाट काढणारा जो गडी, तो रनिंग बॅक. पेनसिल्व्हेनियातल्या कॅसवेल फॉल्स गावात, स्टेट कॉलेज नावाच्या शहरापासून गाडीने दीड तासावर, चर्चमधल्या पाद्र्याखालोखाल मान असायचा तो रनिंग बॅकला. गावच्या छोट्या कॉलेजची टीम हॅमर्स. गावाबाहेर तिला कुत्रं विचारत नव्हतं, म्हणून गाव तिला जास्तच जपायचं. १९४८ साली चिखलात बूट रुतल्यावर मोज्यानिशी पळालेला ड्यूई प्रॅट, १९८६ साली मोडक्या बोटाने एकशे नव्वद यार्ड काढणारा रँडी कोवाल्स्की, ही नावं तिथे शाळेतल्या पोरांनाही पाठ. आणि या सगळ्यांच्या वर ऑटिस विक्स.

विक्सचा दिवस म्हणजे १३ नोव्हेंबर १९७१. मार्लो कॉलेजविरुद्ध हॅमर्स हाफटाइमला वीस-शून्य मागे होते. बर्फ पडायला लागला होता. दुसऱ्या हाफमध्ये एकट्या विक्सने दोनशे एकोणीस यार्ड धावून चार टचडाउन केले, म्हणजे चार वेळा चेंडू शेवटच्या रेषेपार नेला, आणि हॅमर्स सत्तावीस-वीसने जिंकले. टीव्हीवर सामना दाखवला नव्हता, फिल्म कुणी काढली नव्हती. तो दिवस उरला होता फक्त पाहणाऱ्यांच्या तोंडी, आणि पाहणारे एकेक करून जात चालले होते. उरलेल्यांत त्र्यंबकरावांचा नंबर फार वरचा होता, कारण त्यांच्याइतकं रंगवून कुणालाच सांगता येत नसे.

खरं काय ते इथेच सांगून टाकतो, उगीच लपवाछपवी नको. त्र्यंबकराव त्या दिवशी स्टेडियममध्ये होते. सेक्शन एफ, ओळ एकतीस. तिकिटाचा तुकडा अजून त्यांच्या पाकिटात होता. फक्त ते हाफटाइमला घरी गेले होते. कंटाळून नव्हे, की टीम हरते म्हणून चिडूनही नव्हे. सामना संपला असं समजून.

सांगलीहून येऊन त्यांना तेव्हा दहा आठवडे झाले होते. परदेशी विद्यार्थ्यांना कॉलेजने फुकट तिकिटं वाटली होती. तिकिटाबरोबर एक माहितीपत्रक होतं, आणि त्यात सामना साठ मिनिटांचा असतो असं स्वच्छ लिहिलेलं. घड्याळ वारंवार थांबवून ही मंडळी साठ मिनिटांचे तीन तास करतात, हे त्यात लिहायला कुणी विसरलं होतं. त्र्यंबकरावांच्या मनगटावरच्या एचएमटीप्रमाणे दीड तास उलटून गेला होता. अशात दोन्ही टीम मैदानातून आत गेल्या, पितळी भोंगे घेऊन बँड मैदानात उतरला, सगळी जनता उठून उभी राहिली आणि जिन्यांकडे निघाली. आपल्याकडे असं झालं की सामना संपलेला असतो. तेही उठले आणि घरी गेले.

सोमवारी धातुशास्त्राच्या लॅबमध्ये एकच विषय होता. वॉल्ट नावाच्या दांडग्या पोराने, त्र्यंबकचा सरळ टिम करून टाकत, विचारलं, "टिम, तू होतास तिथे?" दहा आठवड्यांत त्यांना कुणी आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता. ते "हो" म्हणाले, आणि ते खरंच होतं. वॉल्टने बाकावर सरकून त्यांना जेवायला जागा करून दिली. त्यानंतर मागे फिरणं शक्य नव्हतं. पुढची नोकरी त्याच गावातल्या फाउंड्रीत, वॉल्टच्याच खटपटीने लागली. वॉल्टच पुढे हॅमर्सच्या चाहत्यांच्या क्लबचा अध्यक्ष झाला आणि दरवर्षीच्या बैठकीत त्र्यंबकरावांना उभं करून 'तो दिवस' सांगायला लावू लागला. इतरांकडून ऐकलेलं, पेपरात वाचलेलं जोडून जोडून त्यांची कहाणी एवढी सुरेख झाली होती की जे खरोखर हजर होते तेही तिच्यातले तपशील आपले म्हणून सांगत.

एवढ्यावर भागलं असतं तर गोष्ट लिहायचं कारण नव्हतं. पण ही कहाणी त्यांनी मुलीला, प्रीतालाही सांगितली होती. तिसऱ्या वर्षापासून, रोज झोपताना. मुलगी मराठीत ऐकायची, इंग्रजीत उत्तरं द्यायची, आणि दोघांना पुरेल असा दुसरा विषय घरात नव्हता. "आणि आवाज, बाबा? आवाज कसा होता?" असं ती दर वेळी विचारायची. ते सांगायचे, "बर्फाने सगळा आवाज गिळून टाकला होता बघ. वीस हजार माणसं ओरडतायत आणि ऐकू फक्त विक्सचे श्वास येतायत." त्या श्वासांपायी मुलगी क्रीडा वार्ताहर झाली. कॉलेजच्या अर्जात तिने निबंध लिहिला तो यावरच. आता ती काउंटीच्या दैनिकात होती, आणि पस्तीस वर्षांनिमित्त शनिवारी हॅमर्सच्या सगळ्या थोर रनिंग बॅकवर एक खास पुरवणी काढत होती.

रविवारी दुपारी ती बापाचा १९७१मधला एखादा फोटो शोधायला घरी आली आणि तिच्या हाती भलतंच लागलं. तिची आई शैलजाबाई ऑगस्टमध्ये सांगलीला जाऊन आल्या होत्या. त्र्यंबकरावांची थोरली बहीण, अक्का, दोन वर्षांपूर्वी वारली. तिने जपून ठेवलेली भावाची पत्रं भाच्याने मामींच्या हवाली केली होती. ती पिशवी जेवणाच्या टेबलावर उपसून प्रीता बसली होती. महाराष्ट्र मंडळाच्या रविवारच्या वर्गात ती मराठी अंकांपर्यंत पोचली होती, अक्षरांपर्यंत नाही.

"बाबा! वन, थ्री, वन-वन, सेव्हन-वन! तू त्याच दिवशी लिहिलंस!" निळं आंतर्देशीय कसलं, परदेशी टपालाचं ते पातळ निळं पत्र ती हवेत नाचवत होती. "ओ माय गॉड. सेम डे! काय लिहिलंयस? वाच ना."

त्र्यंबकरावांनी पत्राला हात लावला नाही. काय लिहिलं होतं ते शब्दशः आठवत नव्हतं, पण काय लिहिलेलं नसणार ते पक्कं ठाऊक होतं. "चष्मा वर राहिलाय," ते म्हणाले.

"डोक्यावर आहे तुझ्या."

"हा लांबचा."

"नो, वेट. आत्ता वाचूच नको!" तिचे डोळे चमकत होते. "थर्सडेला क्लबमध्ये वाच. आधी मराठीत, मग इंग्लिशमध्ये. मी रेकॉर्ड करते. पत्राचा फोटो पहिल्या पानावर, वेबसाइटवर पण टाकू. बाबा, असा पुरावा कोणाकडेच नाहीये!" मूळ पत्र तिने स्कॅन करायला नेलं आणि बापासाठी झेरॉक्स ठेवून गेली.

ती गेल्यावर त्यांनी गॅरेजमध्ये जाऊन, दार लावून झेरॉक्स वाचली.

'ती. सौ. अक्कास, सा. न. वि. वि. मी खुशाल आहे. आज इथला फुटबॉलचा सामना पाहिला. तिकीट कॉलेजने फुकट दिले. आपण हरलो. शेवटी बँड वाजला तसा लगेच निघालो, थंडी फार आहे. वाटेत बटाटे घेतले. लागलीच दुसरा सामना सुरू झाला असावा, कारण मैदानाकडून चार वेळा मोठा ओरडा ऐकू आला. पण त्याचे तिकीट माझ्याकडे नव्हते.'

सांगलीच्या मैदानावर एकामागून एक सामने चालत, संध्याकाळपर्यंत. इथेही तसंच असणार असं वाटणाऱ्या त्या तेवीस वर्षांच्या पोराची त्यांना दया आली, आणि रागही आला. एवढं सविस्तर लिहायची काय गरज होती? बटाटे कशाला?

पुढचे चार दिवस त्यांना घास गेला नाही. पत्र वाचताना इंग्रजीत दुसरंच काही सांगायचं, ही युक्ती तर पहिल्याच तासात सुचली होती. हॉलमध्ये मराठी कुणाला येतंय? 'अक्का, आज एका माणसाला बर्फातून धावताना पाहिलं' अशी सुरुवातही त्यांनी मनात तयार केली, आणि ती चांगली झाली होती. पण फोटो वेबसाइटवर जाणार होता. तिकडे अ‍ॅशबर्नला मंडळातल्या मित्राचा मुलगा शंतनू दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून असतो. तो ते अक्षर मोठं करून वाचणार, आणि पाच मिनिटांत मराठी येणाऱ्या सगळ्या अमेरिकेला मेल धाडणार. मग वार्ताहर प्रीता गोगटे हिने स्वतःच्या बापाची थाप पहिल्या पानावर छापली, असं होणार. बापाचं हसं झालं तर झालं, साठीला आलेल्या माणसाचं काय जातं? पण पोरीचं नाव जाणार होतं.

आणि खरं सांगितलं तर? तर तिचा निबंध, तिची नोकरी, लहानपणची ती हजार वेळा ऐकलेली रात्रीची गोष्ट, सगळंच पोकळ ठरणार होतं. तिने परत कधी 'आवाज कसा होता' म्हणून विचारलं नसतं. याचीच त्यांना खरी भीती होती.

बुधवारी त्यांनी भाजी निवडणाऱ्या बायकोपुढे विषय काढला. "ते पत्र... जरा खाजगी आहे. प्रीताला सांग ना, नको छापू म्हणून."

"बटाटे काय खाजगी असतात?" शैलजाबाई मान वर न करता म्हणाल्या.

त्र्यंबकराव बघतच राहिले. "वाचलंस तू?"

"विमानात सोळा तास करायचं काय? सगळी वाचली. ऑगस्टपासून वाट बघतेय, तुम्ही कधी बोलता." त्यांनी मेथीची काडी बाजूला टाकली. "अहो, तिला खोटं वाचून दाखवायचं असेल तर दाखवा. पण मला तिथे नेऊ नका. मला तोंडावर ताबा ठेवता येत नाही."

तरीही त्यांनी नेलं. एकटं जायचं त्यांच्या जिवावर आलं.

गुरुवारी पाच वाजता फायर स्टेशनच्या हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं जमली. घडीच्या खुर्च्या, कॉफीचं पिंप, भिंतीवर हॅमर्सचे जुने झेंडे. एकेक म्हातारा उठून आपापला रनिंग बॅक सांगत होता. एका बाईने ड्यूई प्रॅटचा रुतलेला बूट दुसऱ्या दिवशी आपल्या वडिलांनी फावड्याने खणून काढला ते सांगितलं. कोवाल्स्कीला सहावीत शिकवलेल्या मास्तरांनी, सामन्याच्या दिवशी तो भेटला तेव्हा त्याला मोडक्या बोटाने पेन्सिलही धरता येत नव्हती म्हणून सांगितलं. माणसं हसत होती, डोळे पुसत होती. मग वॉल्ट उठला. "आणि आता आपला टिम. यंदा त्याने कागदपत्रं आणली आहेत!" टाळ्या झाल्या.

प्रीता पहिल्या रांगेत होती. एका हातात रेकॉर्डर, दुसऱ्यात पेन्सिल.

त्यांनी मराठी वाचलं. स्वतःचा आवाज त्यांना परका वाटला. हॉल आदराने ऐकत होता. 'बटाटे' शब्दावर कुणीतरी डोळे मिटून मान डोलावली. शैलजाबाई कागदी कपाकडे बघत होत्या.

"नाऊ इंग्लिश, बाबा," प्रीता हळूच म्हणाली.

त्यांनी तोंड उघडलं. 'बर्फातून धावताना' हे वाक्य अगदी ओठांवर होतं. तेवढ्यात त्यांचं लक्ष तिच्याकडे गेलं. जिभेचं टोक दातांत धरून ती वाट बघत होती, पेन्सिल कागदाला टेकलेली. ते जे सांगतील ते ती लिहिणार होती. दुसऱ्या कुणाचं असतं तर तिने दोन ठिकाणी विचारून खात्री केली असती. बापाचं ती तपासणार नव्हती.

"आज इथला फुटबॉलचा सामना पाहिला," ते इंग्रजीत म्हणाले. "आपण हरलो."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. बँड, बटाटे, दुसरा सामना, नसलेलं तिकीट.

पहिला वॉल्ट हसायला लागला, आणि त्याच्या मागून अख्खा हॉल. "पस्तीस वर्षं, टिम! पस्तीस वर्षं आम्हाला बनवलंस!" म्हणत त्याने त्यांना मिठीत घेतलं. पाठीवर थापा पडल्या, कुणी म्हणालं आजवरची ही सगळ्यांत भारी गोष्ट. ज्या गावाला ते एवढे घाबरत होते त्या गावाने त्यांना मिनिटभरात माफ केलं. पण गर्दीतून त्यांना पहिल्या रांगेतली खुर्ची दिसली, आणि ती रिकामी होती.

प्रीता बाहेर पार्किंगमध्ये गाडीची किल्ली शोधत होती.

"प्रीतू..."

"आणि श्वास? विक्सचे श्वास?" ती वळली नाही. "ते कोणी ऐकले, बाबा?"

"कुणीच नाही. मी आपलं... सुचलं तसं सांगितलं."

"आय रोट अबाउट दॅट! ती माझी फर्स्ट थिंग होती, जी मी लिहिली." तिचा आवाज फाटला. "ऑल यू हॅड टू डू वॉज आस्क समवन. मॅच संपली का, एवढंच! कोणालाही विचारायचं ना."

गाडी निघून गेली. शैलजाबाईंनी येऊन त्यांच्या हातात त्यांचा विसरलेला कोट दिला.

शुक्रवारी त्यांनी तिला तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा मशीनने निरोप ठेवा म्हणून सांगितलं, आणि मशीनला काय सांगायचं ते त्यांना कळेना. शनिवारी सकाळी दारात पडलेली पुरवणी त्यांनी उभ्याउभ्याच उघडली. प्रॅटचा बूट होता, कोवाल्स्कीचं बोट होतं, विक्सचं मोठं चित्र होतं, वॉल्टची आठवण होती. पत्र नव्हतं. त्यांचं नाव पहिल्यापासून शेवटपर्यंत कुठेच नव्हतं. दोनदा शोधलं. तिने त्यांना गाळून टाकलं होतं.

"सामन्याला जाणार आहात ना?" शैलजाबाईंनी विचारलं.

"आता कुठल्या तोंडाने?"

"नेहमीच्याच. जा. घरात येरझारा घालून कार्पेट झिजवलंय नुसतं."

गेले. दोन सीझन तिकिटं होती, त्यांचं आणि प्रीताचं. ती नोकरीला लागल्यापासून वर वार्ताहरांच्या प्रेस बॉक्समध्ये बसायची, पण शेवटची पाच मिनिटं तरी खाली येऊन जायची, म्हणून ते तिकीट त्यांनी सोडलं नव्हतं. आज ती शेजारची जागा त्यांना बघवत नव्हती. त्यांनी तिच्यावर कोट ठेवला, मग उचलला, मग परत ठेवला. वर काचेमागे माणसं हलत होती, पण कोण कोण ते दिसत नव्हतं. हॅमर्स हरत होते. नवा रनिंग बॅक दर वेळी दोन यार्ड जाऊन ढिगाऱ्याखाली गडप व्हायचा. त्र्यंबकरावांना स्कोअरही नीट समजत नव्हता. तिने यापुढे बोलणंच टाकलं तर आपण काय करायचं, एवढंच डोक्यात चालू होतं.

शिट्टी झाली. दोन्ही टीम आत गेल्या. पितळी भोंगे घेऊन बँड मैदानात उतरला आणि सगळी जनता उठून जिन्यांकडे निघाली. त्र्यंबकरावही उठले. आज बसवत नव्हतं, कोणासाठी बसायचं तेही कळत नव्हतं. त्यांनी कोट घातला, मफलर गुंडाळला आणि रांगेतून सरकत बाहेर निघाले.

"कुठे चाललास?"

प्रीता जिन्यात उभी होती. गळ्यात प्रेसचा पास, दोन्ही हातांत कॉफीचे कप. डोळे सुजल्यासारखे दिसत होते.

"घरी," ते म्हणाले.

"बाबा, हाफटाइम आहे. अजून अर्धी मॅच आहे." तिने हे सगळं मराठीत सांगितलं, एकेक शब्द नीट जुळवत. "बस."

ते बसले. तीही बसली. बँड वाजत राहिला. त्र्यंबकरावांनी तिच्या हातातला एक कप घेतला.

"तू विचारलंस ना परवा, कोणाला विचारलं का नाही म्हणून," ते शेवटी म्हणाले. "विचारायला कुणी नव्हतं गं. दहा आठवडे झाले होते. दुकानात 'थँक यू' आणि लॅबमध्ये 'येस सर', यापलीकडे मी कुणाशी बोललोच नव्हतो. शेजारच्याला हाक कशी मारतात तेही माहीत नव्हतं. सगळे उठले, म्हणून मी उठलो."

प्रीताने कप दोन्ही पायांमध्ये खाली ठेवला, बाही डोळ्यांवरून फिरवली, आणि खिशातून वही काढली.

"पुरवणीतून काढलं, कारण ते अर्धंच होतं," ती म्हणाली. "आय नीड द होल थिंग. चार आवाज लिहिलेत ना पत्रात. ते खरे?"

"ते खरे. अगदी खरे."

"मग सांग." तिने पेन्सिल टेकवली, जिभेचं टोक दातांत धरलं. "पहिला कुठे ऐकलास?"

त्र्यंबकरावांनी घसा साफ केला. पस्तीस वर्षांत ही गोष्ट ते पहिल्यांदाच सांगत होते, आणि त्यांना ती अजिबात रंगवता येईना.

"बटाटे घेत होतो," ते म्हणाले.